पत्रीचे वाफे : सांगलीतल्या एका बागेच्या नोंदी, २०२४

७ जानेवारी, रविवार

जागा एकदाची ठरली. बागेच्या नदीकडच्या अंगाला, नाल्यालगत पडून असलेले दोन गुंठे. आत्तापर्यंत तिथं फक्त पालापाचोळा टाकत होते. मागच्या भिंतीवर २०१९ च्या महापुराची रेघ अजून दिसते. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

इथं गणपतीच्या २१ पत्री लावायच्या. हे डोक्यात आलं ते गेल्या भाद्रपदात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारातून पत्रीची जुडी आणली आणि घरी सोडून बघितली, तर त्यात पेरूचीच पानं सहा. आघाडा नाही, माका नाही, डोरली तर नाहीच. दुसऱ्या दिवशी बागेत आले तर कोवळ्या अर्जुनाच्या झाडाला खालच्या अंगाला एक पान शिल्लक नव्हतं, दोन फांद्या सालीसकट ओरबाडलेल्या. लोकांना पत्री हवी असते, पण ती कुठली आणि किती तोडायची हे कुणी सांगितलेलंच नाही.

माळीमामांना यादी वाचून दाखवली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ह्यातलं निम्मं तर आम्ही रोज उपटून टाकतोय की."

१४ जानेवारी, रविवार

माती बघितली. काळी, चिकण. ओली करून हातात वळली तर बोटभर लांब वळी न तुटता होते. फूटभर खोल खड्डा करून काल संध्याकाळी पाण्यानं भरून ठेवला होता, आज सकाळी तळाशी अजून पाणी होतं. म्हणजे निचरा नाही. नदीकाठच्या मळीची माती वांग्याला सोन्यासारखी, पण ती गाळाची, भुसभुशीत. आमच्या वाट्याला आलीय ती रस्त्याच्या भरावाखाली दबलेली.

ठरवलं ते असं : गादीवाफे करायचे, जमिनीपासून दीड फूट उंच. काळी माती, पोयटा, जुनं शेणखत आणि थोडी जाड वाळू. एका बाजूला मुरमाड उंचवटा ठेवायचा, शमी आणि विष्णुक्रांतेसाठी. नाल्याकडचा सखल कोपरा आहे तसा ओला ठेवायचा, तिथं माका आणि केवडा.

२१ जानेवारी, रविवार

यादीवर दोन तास. मधुमालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा. पोथ्यांमध्ये थोडाफार फरक असतो. मालती म्हणजे मधुमालतीच का, यावर आमच्यातच दोन तट पडले. मधुमालती मूळची आग्नेय आशियातली, पण सांगलीत दर दुसऱ्या फाटकावर तीच चढलेली असते आणि लोक मालती म्हणून तिचंच पान वाहतात. तीच लावायची ठरली.

देवदार लावायचा नाही. तो हिमालयातला, थंडीतला वृक्ष. सांगलीच्या उन्हात त्याला आणून मारण्यात काय अर्थ? त्याच्या जागी नुसता फलक लावू : हे झाड इथं का नाही. मला वाटतं मुलं या फलकापाशीच जास्त थांबतील.

अर्जुन आणि पिंपळ बागेत आहेतच. पिंपळ नव्यानं लावायला मी ठाम नकार दिला. त्याची मुळं भिंतीत शिरली की काढता येत नाहीत, आणि आमची भिंत पुरानं आधीच खिळखिळी झालीय.

४ फेब्रुवारी, रविवार

ऊसतोड जोरात आहे. एका शेतकरी पालकांनी ट्रॉलीभर पाचट आणून टाकलं, पैसे घेतले नाहीत. "जाळण्यापेक्षा तुमच्या कामी आलं," म्हणाले. चार बोटं जाड थर अंथरला.

रोपवाटिकेचं काम मुलांनी केलं. सातवीची अकरा मुलं. एक पालक बीजगोळे करू या म्हणत होते. मी नको म्हटलं. बीजगोळा फेकला की काम संपल्यासारखं वाटतं, तो रुजला का हे बघायला कुणी परत जात नाही. पिशवीत बी लावलं की रोज पाणी घालायला यावंच लागतं. हादग्याचं बी रात्रभर भिजवून लावलं. शमीचं बी कठीण कवचाचं, म्हणून उकळतं पाणी खाली उतरवून त्यात टाकलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

११ फेब्रुवारी, रविवार

हादगा उगवला! २४ पिशव्यांपैकी १९. शमीचं अजून काही नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

पाचटाखाली वाळवी. उचललं तर खालचा थर नुसता मातीचा झाला होता. वाळवी सुकं पाचट खाते तोवर हरकत नाही, पण ते संपलं की रोपाच्या सालीला लागते. पाचट खोडापासून वीतभर लांब सारलं आणि ओलं ठेवायला सुरुवात केली. जीवामृतही केलं : २० लिटर पाणी, १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. गूळ बाजारपेठेतल्या एका काकांनी दिला, ढेपेचा तुटलेला तुकडा.

शमीचे चार कोंब दिसले. मी एकटीच होते, आणि कुणाला तरी सांगावं म्हणून मुलीला फोन लावला.

१० मार्च, रविवार

आजचा दिवस वादाचा, पण गरजेचा. धोत्रा, कण्हेर आणि रुई लावायच्या की नाही?

तिन्ही विषारी. धोत्र्याचं सगळं झाड विषारी, बिया सर्वांत जास्त. कण्हेरीचं पान चघळलं तरी हृदयावर परिणाम होतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. बागेत दोन वर्षांची पोरं हुंदडत असतात. एका पालकांचं म्हणणं, ही तीन गाळा. माझं मत उलटं. ही झाडं प्रत्येक पडीक जागेत, प्रत्येक रस्त्याच्या कडेला आहेत. मुलाला ती कुंपणाच्या आत, नाव आणि इशाऱ्यासकट भेटली तर बाहेर ओळखता येतील.

तोडगा असा निघाला की तिन्ही एका वेगळ्या वाफ्यात, कमरेइतक्या जाळीच्या आत, लाल फलकासह. पान तोडायचं ते मोठ्यानं, हात लगेच धुवायचे. धोत्र्याची काटेरी बोंडं पिकायच्या आत खुडायची जबाबदारी माझी.

रुईमुळे एक फायदा होईल. प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. अळी पानं कुरतडणार, तेव्हा ओरड व्हायच्या आतच सगळ्यांना सांगून ठेवलं : रुईवर फवारणी करायची नाही.

७ एप्रिल, रविवार

उन्हानं डोकं उठलंय. दुपारी बागेत कुत्रंही फिरकत नाही. काळी माती भेगाळली, एका भेगेत माझी अख्खी कात्री गेली. रोपांच्या बाजूला मडकी पुरली, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घातली. एक मडकं भरलं की दोन दिवस ओल टिकते. मडक्यांच्या झाकणांत पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं. सकाळी दयाळ आणि बुलबुल, आणि आज एक हळद्या. हळदीच्या गावातला हळद्या, मुलं या नावावरच खूश.

२१ एप्रिल, रविवार

पाणी. बाकी काही नाही.

१२ मे, रविवार

केवड्याची पिल्लं आली. आईच्या बुंध्याशी फुटलेली, तीन. नाल्याकडच्या कोपऱ्यात लावली. दोन्ही कडांना आणि पाठच्या शिरेवरही काटे, हातमोजे घालूनही ओरखडे आले. घमघमतं ते केवड्याच्या नर झाडाचं कणीस. आमची पिल्लं नर की मादी ते फुलल्यावरच कळणार. पत्रीला पानच लागतं, त्यामुळे चिंता नाही.

डाळिंबाची रोपं आटपाडीकडून आली. बेल आणि बोर रोपवाटिकेतून. "शमी" म्हणून तिथं जे दाखवलं ते दुसरंच काहीतरी होतं, घेतलं नाही. आपली चार बियांची रोपं बरी.

९ जून, रविवार

मृगाचा पाऊस लागला आणि माती हाताला येऊ लागली. आज मोठी लावणी. सकाळी सातला सुरुवात, साडेअकराला संपली. बेल, बोर, डाळिंब, शमी, हादगा, जाई, मधुमालती, तुळस. जाई आणि मधुमालतीला बांबूचा मांडव. दूर्वांसाठी सिमेंटच्या कड्याची चौकट केली, कारण दूर्वा म्हणजे हरळी, आणि हरळी मोकळी सोडली तर वर्षात सगळे वाफे गिळून टाकील. शेतकऱ्यांचा तिच्यावर किती राग असतो हे माझ्या माहेरी बघितलंय. नांगरामागं तिच्या काश्या, म्हणजे जमिनीखालच्या कांड्या, वेचायला आम्ही पोरं जायचो.

मरवा कुंड्यांतच ठेवला. त्याला थंडी आवडते, पावसाची झड सोसत नाही. आमच्याकडे मरव्याशिवाय वेणी पुरी होत नाही, म्हणून कुंड्या फाटकाजवळच्या शेडमध्ये. येता-जाता बायका वास घेतात.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. वडाच्या फांद्या तोडून नेऊ नयेत म्हणून सकाळी सहापासून तिघी जणी झाडाखाली बसलो. एकीनंही हट्ट केला नाही. पार दोऱ्यानं भरून गेला.

३० जून, रविवार

विष्णुक्रांता मिळाली. दंडोबाच्या डोंगराच्या बाजूला एका नातेवाइकांचं पडीक रान आहे, तिथं मुरमात पसरलेली होती. नखाएवढी निळी फुलं, सकाळी उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. बाजारात तिच्या नावावर गोकर्ण खपवतात. गोकर्ण वेल आहे आणि फूल अंगठ्याएवढं, दोघींची गल्लत व्हायचं कारण फक्त निळा रंग. मातीच्या गोळ्यासकट सहा रोपं आणली, मुरमाच्या उंचवट्यावर लावली. डोरलीही तिथंच मिळाली. पानावरसुद्धा काटे, जांभळी फुलं, पिवळी गोल फळं.

आघाडा आणि माका लावावे लागलेच नाहीत. पावसानं आपोआप उगवून आले, बरोबर आम्हाला हवे तिथं.

२१ जुलै, रविवार

पाऊस थांबत नाही. कोयनेच्या पाणलोटात जोर आहे. सगळे नदीची पातळी विचारतात, आयर्विन पुलाची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. मरव्याच्या कुंड्या माळीमामांनी त्यांच्या खोलीवर नेऊन ठेवल्या.

२८ जुलै, रविवार

नदी ४० फुटांच्या आसपास. सखल भागातली कुटुंबं हलवलीत. बागेत नदी आली नाही, पण नाल्याचं पाणी उलटं फिरलं आणि आमचे खालचे तीन वाफे पाण्यात आहेत. आज गुडघाभर पाण्यातून जाऊन बघितलं. चौकटीतल्या दूर्वा दिसत नव्हत्या, हादग्याचे शेंडे तेवढे वर.

आज कामाची नोंद काहीच नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांच्यासाठी आमच्यातल्या चौघी जणी पोळ्या लाटत होत्या.

४ ऑगस्ट, रविवार

पाणी उतरलं. बोटभर गाळ. वास.

काय गेलं : दोन डाळिंबं पिवळी पडून मेली, मुळं कुजली होती. विष्णुक्रांतेची सहापैकी चार रोपं गेली. पाण्यानं नाही, सततच्या ओलीनं, कारण उंचवट्यावर पाणी चढलंच नव्हतं. एक शमी आडवी झाली, काठी लावून उभी केली. काय राहिलं : अर्जुनाला काहीच झालं नाही, तो मुळात नदीकाठचा वृक्ष. केवडा जोरात आहे. दूर्वा गाळातून हिरव्या टोकांनी वर आल्यात. आणि माका! नाल्याचा सगळा काठ माक्यानं भरून गेलाय, पांढऱ्या बारीक फुलांसकट. मुलांना पान चुरगाळायला लावलं, थोड्या वेळानं बोटं काळपट झाली. आमच्या आजीच्या तेलाचा काळेपणा इथनंच यायचा, हे त्या बोटांकडं बघून आठवलं.

गाळ काढून टाकला नाही. वाळू द्यायचा, मग कुदळीनं वाफ्यात मिसळायचा.

१४ ऑगस्ट, बुधवार

हे लिहायला हात होत नाही.

उद्याच्या झेंडावंदनासाठी बागेची सफाई झाली. सफाईला आलेल्या माणसांनी आमचे वाफे चकाचक केले. आघाडा एकही नाही. माका मुळासकट. डोरली उपटून कुंपणावर टाकलेली. दूर्वा खुरप्यानं तासल्या. विष्णुक्रांतेची वाचलेली दोन रोपंही गेली. झाडं, वेली आणि तुळस मात्र व्यवस्थित, त्यांना आळी करून दिलीत. मनापासून, नीट केलेलं काम होतं ते. त्यांना जे तण दिसलं ते त्यांनी काढलं.

त्यांच्यावर रागावून काय करू? फलक मी छापून घरात ठेवले होते. दोन नावांच्या शुद्धलेखनावर अडून बसले होते. जूनमध्ये हातानं लिहून लावले असते तरी हे टळलं असतं.

पत्रीतली निम्मी नावं अशी आहेत की वर्षातून एक दिवस देवाच्या डोक्यावर आणि उरलेले दिवस खुरप्याखाली. माळीमामा जानेवारीत हेच म्हणाले होते आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं.

१८ ऑगस्ट, रविवार

फलक लागले. पत्र्यावर, ऑइलपेंटनं, हातानं लिहिलेले. प्रत्येकावर नाव आणि खाली एक ओळ : "हे तण नाही. उपटू नका."

सफाईला आलेल्यांपैकी एक मावशी आज मुद्दाम आल्या. कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी पिशवी उघडली, त्यात मातीच्या गोळ्यासकट आघाड्याची आठ रोपं. त्यांच्या घरामागं रानच आहे त्याचं. त्यांना आघाडा ठाऊक नव्हता असं नाही. "आमच्यात ह्याच्या काडीनं दात घासायची माझी सासू," म्हणाल्या. "पर बागेत कुणी आघाडा लावंल हे डोक्यात आलं न्हाई, बाई." दोघी मिळून लावली. मी त्यांना विचारलं, पुढच्या रविवारी मुलांना ओळख करून द्याल का? लाजल्या. मग हो म्हणाल्या.

२५ ऑगस्ट, रविवार

मावशी आल्या. मुलांना आघाड्याचं कणीस बाहीवर उलटं ओढायला सांगितलं. बिया चिकटल्या ते काढायला पोरांना दहा मिनिटं लागली. बी कसं प्रवास करतं यावर मी वर्गात तासभर बोलले असते.

दूर्वा परत फुटल्या. तासल्याला अकरा दिवस झालेत आणि चौकट हिरवी आहे. जमिनीखालच्या काश्या शिल्लक होत्या, त्यांना वरचं खुरपं काय करणार? माक्याचं बीही ओल्या काठावर उगवतंय, दोन-दोन पानांवर आहे.

१ सप्टेंबर, रविवार

पत्री ओळख फेरी. ७० जण येतील असं धरलं होतं, त्याहून बरेच जास्त आले, शेवटी दोन गट करावे लागले. भिंगातून अर्जुनाच्या देठाजवळच्या दोन बारीक गाठी दाखवल्या. एकदा त्या बघितल्या की अर्जुन परत चुकत नाही. बेलावर लिंबाच्या फुलपाखराची अळी मिळाली. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. हात लावला तर डोक्यामागून लाल शिंगं काढते आणि वास सोडते. एका आजोबांनी विचारलं की मग बेलाची पानं कुरतडलेली, ती देवाला चालतील का? मावशींनीच उत्तर दिलं, "तिनं आधी खाल्लं, मग देवानं. शबरीची बोरं चालली की."

देवदाराच्या फलकापाशी खरंच सगळ्यात जास्त वेळ गेला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

हरतालिका. सकाळी सहा ते अकरा पत्री दिली. नियम एकच : तोडायचं आम्ही, कात्रीनं. प्रत्येक झाडाचं एका घराला एक पान, दूर्वांच्या मात्र २१ काड्यांची जुडी. विषारी वाफ्यातली पानं वेगळ्या कागदात. आमच्याकडे १८ प्रकार होते. देवदार नाही, विष्णुक्रांता नाही, डोरली नाही. विष्णुक्रांतेच्या जागी दुसरं पान घालून १९ करू या असं कुणीतरी सुचवलं. नको म्हटलं. रिकामी जागा रिकामीच सांगितली, लोकांनी समजून घेतलं.

अर्जुनाची खालची पानं या वर्षी जागेवर आहेत. संध्याकाळी मुद्दाम जाऊन बघितलं.

८ सप्टेंबर, रविवार

दीड दिवसाचे गणपती गेले. निर्माल्य गोळा करायला दोन पिंपं ठेवली होती. दोरे, थर्माकोल, चकचकीत कागद, प्लॅस्टिकच्या कंठ्या काढण्यात अख्खी दुपार गेली. राहिलं ते पाचटाच्या आणि शेणाच्या थरांत रचलं. धोत्रा, कण्हेरही त्यातच, कुजल्यावर त्रास नाही. ढीग कमरेएवढा.

२९ सप्टेंबर, रविवार

हस्त लागला. बागेत हादगा खेळलो. पुण्याकडं भोंडला म्हणतात, आमच्याकडे हादगाच, आणि आज तो हादग्याच्या झाडाशेजारीच मांडला. पाटावर हत्ती काढला, भोवती फेर धरला. सातवीतल्या मुली सुरुवातीला बिचकत होत्या, त्यांना गाणी येत नव्हती. सफाईवाल्या मावशींना सगळी येत होती, एकामागून एक. खिरापत ओळखता ओळखता अंधार पडला.

फेब्रुवारीत पिशवीत लावलेला हादगा आता माझ्या दीडपट उंच आहे. लाकूड ठिसूळ, जुलैच्या वाऱ्यात दोन मोडले. उरलेल्यांपैकी एकावर आज कळ्यांचा घोस दिसला, कोयरीसारख्या वाकलेल्या.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. बागेतल्या जुन्या आपट्यावर सकाळीच धाड. कांचनाचं पान आपटा म्हणून खपतंय हे बाजारात दिसतंच. आपट्याचं पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. पुढच्या वर्षी आपट्याची दोन रोपं वाफ्याशेजारी घ्यायची, आत्ताच नोंदवून ठेवते.

हादगा फुलला. पांढरा. तीन फुलं, खुडली नाहीत.

१३ ऑक्टोबर, रविवार

निर्माल्याचा ढीग निम्म्यावर बसलाय. हात घातला तर आत अजून कोमट. महिनाभरात एकदा पलटायचा.

विष्णुक्रांतेसाठी परत त्या रानात जायचं आहे, या खेपेला पाऊस संपल्यावर, बी धरलेलं असताना. उंचवट्यात मुरूम आणखी घालायला हवा.

आघाड्याची कणसं वाळलीत. मुलांनी कागदाच्या पाकिटांवर नाव आणि तारीख लिहून ठेवली होती. बी झाडून घ्यायला मी वाकले तेवढ्यात माळीमामा वाफ्यातून पलीकडं जाऊन आले, बाकावर बसले आणि विजारीला चिकटलेल्या बिया एक-एक काढून पाकिटात टाकू लागले.